इन्सिडंट लाइट मीटर: कॅमेऱ्यात मीटर असताना हातात आणखी एक कशाला?

गावभागची

हळदीच्या सौद्याच्या फोटोंखाली दोघातिघांनी विचारलं होतं की पिवळा रंग नंतर कॉम्प्युटरवर वाढवलाय का. नाही वाढवलेला. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत चाललं म्हणून हा वेगळा धागा.

माझा कॅमेरा यशिका-डी. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून बघायचा, १२० चा रोल, एका रोलला बारा फोटो. त्यात मीटर ही वस्तूच नाही. त्यामुळे गळ्यात सेकोनिक एल-३०८ असतो, सेकंडहँड घेतलेला, एका पेन्सिल सेलवर चालणारा. डिजिटल घेऊन बाहेर पडले तरी तो बरोबर असतो आणि लोक तेव्हाच हटकतात: कॅमेऱ्यात एवढा हुशार मीटर असताना हा डबा कशाला?

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला (रिफ्लेक्टेड) उजेड मोजतो. ती वस्तू मुळात पांढरी आहे का काळी, हे त्याला कळायला मार्ग नाही. मग तो धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार. आता सांगलीच्या मार्केट यार्डात पॉलिश केलेल्या हळकुंडांचे ढीग, भोवती पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा उजेड, खाली ओढतो. हळद मातकट येते आणि टोपीखालचे चेहरे काळवंडतात. मेणवलीच्या घाटावर बरोब्बर उलटं. काळा पाषाण पाहून त्याला उजेड कमी वाटतो, तो वाढवून देतो आणि घाट राखाडी, धुवट दिसतो.

इन्सिडंट मीटर वस्तूकडे बघतच नाही. त्याच्या डोक्यावर पांढरा अर्धगोल डोम असतो. वस्तूच्या जागी मीटर धरायचा, डोमचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं, बटण दाबायचं. तिथं उजेड किती पडतोय तेवढंच तो सांगतो. त्या उजेडात पिवळं जेवढं पिवळं आहे तेवढंच येतं आणि काळं काळंच राहतं. डोम गोल असण्यालाही कारण आहे. चेहरा काही सपाट नसतो. समोरून, बाजूने, वरून जो जो उजेड चेहऱ्याच्या कॅमेऱ्याकडच्या भागावर येतो, तो सगळा डोमवरही येतो. ही अर्धगोलाची कल्पना डॉन नॉरवूड या अमेरिकन माणसाची. सेकोनिकचा काट्याचा जुना एल-३९८ त्याच घराण्यातला.

सौदा चालू असताना अडत्याच्या नाकासमोर मीटर नेऊन धरता येत नाही, हे उघड आहे. त्याची गरजही नसते. शेडचं छप्पर एक, उघडी बाजू एक, मग त्या ओळीत कुठंही उजेड जवळजवळ सारखाच. मी चार पावलं अलीकडे उभी राहून डोम त्याच दिशेला धरते. माझ्यावर आणि त्याच्यावर पडणारा उजेड एकच असला की झालं.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत मात्र हे चालत नाही. तिथं रस्त्याच्या दाराशिवाय उजेडाला वाटच नसते. दाराशी भोपळा घासत बसलेल्या माणसापाशी आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) ४०० ला एफ/४ (भिंगाचं तोंड किती उघडं ते), १/१२५ सेकंद आलं. आत भिंतीशी तंबोऱ्यावर नक्षी करणाऱ्यापाशी एफ/४ ला १/१५. दोघांच्यात तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), अंतर एका खोलीचं. डोळ्याला हा फरक एवढा वाटतच नाही, कारण आत गेल्यावर डोळा निमूट जुळवून घेतो. फिल्म जुळवून घेत नाही. त्यामुळे तिथं उठून आत जायचं, कारागिराला विचारून त्याच्या हाताशी मीटर धरायचा. एकदा काय आहे ते समजावून सांगितलं की ते स्वतःच "जरा इकडं धरा, तोंडावर बघा किती येतंय" म्हणायला लागतात.

अजून कोण वापरतं का इथं?

एफ_आठ

छान लिहिलंय, पण डिजिटलवाल्यांसाठी हे सगळं आता हौसेचं झालंय असं माझं स्पष्ट मत. मॅट्रिक्स मीटरिंग (अख्खी फ्रेम तुकड्यांत मोजणं) आता तेवढं भोळं राहिलेलं नाही, चेहरा ओळखून त्याप्रमाणे एक्स्पोजर देतं. वर हिस्टोग्राम आहे (फोटोत अंधार-उजेड किती याचा आलेख), झेब्रा पट्टे आहेत (फार उजळ जागा दाखवणारे). हळद मातकट येतेय असं दिसलं तर अर्धा किंवा एक स्टॉप वाढवा, दुसरा फोटो काढा. फुकट आहे. आणि मुख्य म्हणजे हिस्टोग्राम सेन्सरला काय मिळालं ते सांगतो. तुमच्या डोमला सेन्सरचा पत्ताच नाही. शालूची जरी चमकली आणि जळली, म्हणजे नुसती पांढरी झाली, तर मीटर काय सांगणार?

भडंग

+१. आणि तो डबा गळ्यात घालून फिरलं की लोक डॉक्टर समजतात. मिरजेत तर हमखास. 😀

गावभागची

भडंग, एका आजींनी खरंच बीपी बघून द्याल का विचारलंय.

एफ_आठ, एकच फोटो काढायचा असेल तर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण त्याच शेडमध्ये तासभर उभं राहून पन्नास फोटो काढायचे असतील तर? फ्रेममध्ये काळ्या शर्टाचा माणूस आला की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो, पांढरा सदरा आला की कमी करतो. उजेड तासभर तोच आणि फोटो मात्र खाली-वर. मीटरने एकदा मोजायचं, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवायचा आणि विसरून जायचं. ढग आला किंवा ऊन सरकलं तरच परत मोजायचं. मग सगळे फोटो एका रांगेत बसतात, लक्ष माणसांकडे राहतं.

जरीबद्दल तुम्ही बरोबर आहात. पांढऱ्या वस्तूचा पोत हवा असेल तर डोमच्या रीडिंगपेक्षा अर्धा स्टॉप कमी द्यायचा, अगदी काळ्या वस्तूचा हवा असेल तर अर्धा स्टॉप जास्त. हा निर्णय आपलाच, मीटर तो घेत नाही.

लाल_दिवा

लग्नाच्या फोटोंवर चूल पेटलेल्या माणसाचे दोन शब्द. आमच्या काळी रोल संपेपर्यंत आणि धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. नवरदेव काळ्या कोटात, नवरी शालूत, मागं झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबलं की एका फोटोत कोट राखाडी, दुसऱ्यात शालू मळका. म्हणून स्टेजवर आधी जाऊन डोम धरायचा. कॅमेऱ्यातला मीटर म्हणजे पंगतीत उष्ट्या ताटात काय उरलंय ते बघून वाढलं किती त्याचा हिशेब करणं. डोम सरळ वाढप्याच्या पळीपाशी जातो.

ताई, एक भर घालतो. तोंड कॅमेऱ्याकडे हा नियम बरोबर, पण स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खरे रंग उमटतात ती) वापरताना आणि ऊन एका बाजूने असताना आम्ही डोम ऊन आणि कॅमेरा यांच्या मधोमध वळवायचो, नाहीतर दोन रीडिंग घ्यायचो: एक कॅमेऱ्याकडे तोंड करून, एक उन्हाकडे, आणि मधलं धरायचं. स्लाइडमध्ये जळलेला भाग कोरा काच होतो, त्यात परत काही आणता येत नाही. निगेटिव्हची गोष्ट उलटी. कलर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त पडला तर ती कुरकुरत नाही, कमी पडला तर सावल्या पातळ होतात आणि प्रिंट चिखल येते. ताई निगेटिव्ह वापरतात, तेव्हा शंका आली तर जास्तीकडे झुकावं.

सातारी_कंदी

हे सगळं शेडमध्ये नि घाटावर ठीक. आता सप्टेंबरात कासला या आणि सांगा. पठारावर ढगांच्या सावल्या पळत असतात. मी उभा आहे तिथं ऊन, समोरच्या फुलांच्या गालिच्यावर सावली, मिनिटात उलटं. माझ्या हातातला डोम माझ्यावरचं ऊन मोजतोय, त्याचा त्या फुलांना काय उपयोग? फुलांत शिरून मोजावं तर ते योग्यही नाही. २०१२ साली जागतिक वारसा यादीत आल्यापासून गर्दी किती वाढलीय ते तुम्हाला माहितीच आहे.

दुसरं, फुलाच्या मागून ऊन आलं की पाकळी उजळते. तो उजेड पाकळीतून आरपार येतो. डोमचं तोंड कॅमेऱ्याकडे, म्हणजे उन्हाकडे पाठ. तो सावलीतलं रीडिंग देतो आणि पाकळ्या जळतात. तिथं फ्रेममधला छोटासा ठिपका मोजणारा स्पॉट मीटरच हवा, म्हणजे तुमचा तो नावडता रिफ्लेक्टेड. अजिंक्यताऱ्यावरून सूर्यास्त काढतानाही तेच. आकाश स्वतःच उजेड देतंय, डोम घेऊन त्याच्याजवळ जाता येत नाही.

ठोसेघरला मात्र पावसाळ्यात पूर्ण ढगाळ असताना मी तुमच्याच पद्धतीने मोजतो. दरीच्या अलीकडे नि पलीकडे उजेड एकच. पांढरं पाणी नि काळा कडा यात कॅमेरा हमखास गोंधळतो, डोम नाही. फक्त मध्ये धुकं-तुषार असले तर पलीकडचं फिकट होतं, ते डोमला दिसत नाही.

गावभागची

कासचं एकदम पटलं. वस्तूवरचा उजेड आपल्या हाताशी आणता येत नसेल तर हे यंत्र निरुपयोगी, यात दुमत नाही. नाटकाच्या प्रयोगातही तेच. भावे नाट्यगृहात प्रेक्षकांच्या अंधारात बसून डोम वर केला तर तो अंधारच मोजणार.

कट_टू

मी सेटवर कॅमेरा विभागात असतो, वाईकडे शूटिंगला बऱ्याचदा येणं होतं. आमच्याकडे इन्सिडंट मीटर अजून सर्रास दिसतो, आणि कॅमेरा डिजिटलच असतो, तेव्हा एफ_आठ यांच्या 'हौस' शब्दावर थोडी हरकत. कारण काय ते सांगतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, शटर १८० अंश (फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं), म्हणजे १/४८ सेकंद ठरलेलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडी फ्रेममध्ये असले तर १७२.८ अंश करून १/५० वर नेतो, नाहीतर पट्ट्या फिरतात. आयएसओ ठरलेला. राहिलं अपर्चर, म्हणजे एफ आकडा. तेही बऱ्याचदा कॅमेरामनने आधीच ठरवलेलं असतं. मग मीटरला प्रश्न उलटा असतो: या अपर्चरला पुरेल असा उजेड इथं आहे का? नसला तर लाइट वाढवायचा. कॅमेरा अजून गाडीतून उतरलेला नसतो तेव्हा हे काम चालू होतं. हिस्टोग्राम बघायला कॅमेरा लावलेला लागतो.

दुसरं काम म्हणजे दोन बाजूंच्या उजेडाचं प्रमाण. डोमऐवजी सपाट चकती लावायची, एक एक लाइट वेगळा मोजायचा, दुसऱ्याचा उजेड हाताने आडवायचा. मुख्य लाइटला एफ/८ आणि सावलीच्या बाजूला एफ/४ आलं तर दोन स्टॉप, म्हणजे चारास एक. घरगुती गप्पांच्या सीनला एवढं नको वाटतं, रात्रीच्या वाड्यातल्या सीनला हवंच. दुसऱ्या दिवशी तोच सीन पुढे चालू करायचा असला की वहीतले आकडे काढायचे आणि लाइट परत तसेच उभे करायचे.

स्टिल कॅमेऱ्यावाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. भिंगावरचा एफ आकडा हे गणित आहे, भिंगातून प्रत्यक्ष उजेड थोडा कमी येतो. सिनेमाच्या भिंगांवर म्हणून प्रत्यक्ष उजेडाचा टी आकडा असतो. जुन्या झूमवर मीटरप्रमाणे दिलं आणि सतत किंचित काळपट येत असेल तर हे कारण असू शकतं. भिंगापुढे पिवळा फिल्टर असेल तर एक स्टॉप, गडद लाल असेल तर साधारण तीन, हे स्वतः वाढवायचं. कॅमेऱ्यातला मीटर फिल्टरमागून बघतो, हातातल्याला फिल्टर दिसतच नाही.

एफ_आठ

लाइट आपल्या हातात असतील तर मीटर हवा, हे मान्य. 'हौस' मागे घेतो, फक्त स्टुडिओ आणि सेटपुरता. 🙂 कास नि सूर्यास्त माझ्या बाजूला.

भडंग

बाळबोध प्रश्न. मित्राचा एल-३०८ बघितला, त्यावर मोठा ८ आणि शेजारी बारका ५ आला. म्हणजे एफ/८.५ ना? माझ्या कॅमेऱ्यावर असा आकडाच नाही.

गावभागची

नाही. बारका आकडा स्टॉपचा दहावा भाग. ८ आणि ५ म्हणजे एफ/८ च्या पुढे अर्धा स्टॉप, एफ/८ नि एफ/११ च्या मध्ये. कॅमेऱ्यावर साधारण एफ/९.५ जवळचं जे असेल ते लाव. यशिकावर मी रिंग दोन खुणांच्या मध्ये ठेवते, झालं.

भडंग

आणि मीटर परवडत नसेल तर? फोनचं ॲप चालतं का?

कट_टू

अँड्रॉइड फोनला पुढच्या बाजूला उजेडाचा सेन्सर असतो, त्यावर लक्स दाखवणारी ॲप आहेत. लक्सला अडीचने भागायचं आणि तो आकडा दोनाचा कितवा घात आहे ते बघायचं, ती आयएसओ १०० ची ईव्ही (उजेडाची पायरी, एक वाढली की उजेड दुप्पट). ६४० लक्स म्हणजे २५६, म्हणजे ईव्ही ८. १२८० म्हणजे ९. गावभागचींच्या सतारमेकराच्या दाराशी तेवढेच असणार आणि आतल्या भिंतीशी १६० च्या आसपास, ईव्ही ६. पण फोनचा सेन्सर सपाट असतो, डोम नसतो. किंचित वळवला की आकडा उडतो आणि फोनाफोनात फरक पडतो. ढगाळ दिवशी काम भागतं. बाजूने ऊन असलं की भरवसा नाही.

लाल_दिवा

त्याहून स्वस्त उपाय: तळहात. वस्तूवर जो उजेड पडतोय त्याच उजेडात आपला तळहात कॅमेऱ्याच्या दिशेने धरायचा, कॅमेऱ्याच्या मीटरने फक्त तळहात मोजायचा आणि एक स्टॉप वाढवायचा. माणूस कितीही सावळा असो, तळहात उजळच असतो, म्हणून हे बहुतेकांना लागू पडतं. फक्त हळदीच्या यार्डात हात धुऊन घ्या.

सातारी_कंदी

काका 😂

भडंग

काका, तळहात फुकट आहे हे पटलं, पण मीटर घ्यायचाच ठरलाय. एकाकडे काट्याचा जुना सेलेनियमचा आहे, बॅटरी लागत नाही म्हणतो. दुसऱ्याकडे गॉसनचा लुनासिक्स ३. कुठला घेऊ?

लाल_दिवा

सेलेनियमला बॅटरी लागत नाही हे खरं, उजेडच त्याची वीज. पण तो सेल कालांतराने थकतो, दमट हवेने लवकर. आणि तो एकसारखा थकत नाही, भर उन्हात बरोबर सांगतो आणि खोलीत दोन स्टॉप चुकतो. म्हणून दुकानाच्या दारात उन्हात काटा हलवून दाखवला तर त्यावर जाऊ नका, आतल्या अंधारातही दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघा. सध्याच्या एल-३९८ए मध्ये सेलेनियम नाही, अमॉर्फस सिलिकॉन आहे, तोही बॅटरीशिवाय. फक्त मंद उजेडात तो लवकर हात टेकतो, सतारमेकराच्या आतल्या खोलीत काटा जेमतेम हलेल. आणि भर उन्हात त्याच्या डोममागे भोकांची पत्र्याची पट्टी घालावी लागते, घातली की डायलवर एच ची खूण धरायची. पट्टी हरवलेली असेल तर तेवढे पैसे कमी करून मागा.

लुनासिक्स उत्तम मीटर, अंधारात कितीतरी पुढे जातो. पण त्याला दोन पीएक्स ६२५ पाऱ्याच्या बॅटऱ्या लागायच्या, १.३५ व्होल्टच्या, त्या आता बंद. त्या मापाच्या अल्कलाइन मिळतात पण त्या १.५ व्होल्टच्या, रीडिंग भरकटतं. ऐकण्याच्या यंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी व्होल्टेजला जवळ जाते, मापाने लहान पडते, भोवती रबरी कडी बसवायची. मिरजेत असल्या बॅटऱ्यांना तोटा नाही, निम्मं गाव दवाखान्यांचं आहे. पाकिटाचं झाकण काढलं की ती हवेने हळूहळू संपते, वापरा नका वापरू, तेवढं फक्त ध्यानात ठेवा.

गावभागची

यात मी फ्लॅशची भर घालते, कारण भडंग लग्नांची कामंही घेतो. या दोन्हींत फ्लॅश मोजता येत नाही. फ्लॅश क्षणभरात येऊन जातो, काट्याला तो समजत नाही. एल-३०८ मोजतो, वायर जोडून किंवा वायरशिवाय. फ्लॅश स्टँडवर लावून वापरणार असशील तर हे महत्त्वाचं. जोडपं फ्लॅशपासून एक मीटरवर होतं ते दोन मीटरवर गेलं की उजेड चौथाई, दोन स्टॉप गेले. ग्रुप फोटोत पुढची रांग पांढरी फटक आणि मागच्या रांगेतले मामा अंधारात, ते यामुळेच. दोन्ही रांगांत डोम धरून बघायचा आणि फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येईपर्यंत फ्लॅश मागे न्यायचा.

भडंग

मग ३०८ च. घेताना काय बघू?

लाल_दिवा

डोम पिवळा पडलेला किंवा चरे गेलेला नको, उजेड त्यातूनच आत जातो. सेलच्या खणात हिरवं साचलेलं नको. स्वच्छ ऊन असेल त्या दिवशी दुपारी आयएसओ १००, १/१२५ ठेवून डोम सूर्याकडे करा, एफ/१६ च्या आसपास यायला हवं. उन्हाळ्यात धुळीची झाक असली तर किंचित कमी येईल, त्याचं काही नाही. मग खोलीत ताईंच्या मीटरशेजारी धरून बघा. एखाद-दोन दशांश इकडंतिकडं चालेल. सगळीकडे सारखाच चुकत असेल तरी घ्या, तेवढा फरक त्यात भरून ठेवता येतो. एका ठिकाणी बरोबर नि दुसरीकडे चूक असेल तर सोडा.

भडंग

ताई, तुमचा मीटर घेऊन विश्रामबागेत येता का? पार्टी तिथलीच आहे. चहा माझ्याकडून.

गावभागची

येते, पण दुपारी बाराला ये म्हणाव त्याला. ऊन लागणार आहे.